दोन भागाकार आणि दीडशे वर्षं

मागच्या महिन्यात आम्हाला एका श्रोत्याचा मेल आला. इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांसारखाच. लॅबमध्ये पोलादाच्या तारेला वजनं लटकवून तिचा यंग्ज मॉड्युलस काढायचा होता. पुस्तकातलं उत्तर २०० गिगापास्कल. त्याचं आलं १६७. आकडेमोड चार वेळा तपासली, चूक सापडली नाही, असं त्याने लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: हा यंग नक्की कोण, ज्याच्या नावाने माझे मार्क गेले?

त्याने मेलसोबत आपला तक्ताही जोडला होता, त्यामुळे चूक कुठे झाली ते आम्हाला सापडलं. ते शेवटी सांगतो. आधी त्याचा दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं उत्तर तुम्ही स्वतःच ओळखाल.

सूत्र समोर ठेवूया. तारेला खाली ओढणारं बळ भागिले तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, याला म्हणायचं प्रतिबल. तुमच्या पुस्तकात ते स्ट्रेस म्हणून असतं. तार जेवढी लांबली ती वाढ भागिले तारेची मूळ लांबी, ही विकृती, म्हणजे स्ट्रेन. प्रतिबलाला विकृतीने भागलं की मिळतो स्थितिस्थापकतेचा गुणांक, ज्याला आपण यंगचा गुणांक म्हणतो.

आकडे घालून बघू. तार २ मीटर लांब, व्यास १ मिलिमीटर, खाली ५ किलो वजन. बळ झालं साधारण ४९ न्यूटन. छेदाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. ४९ भागिले ०.७८५ म्हणजे ६२.४, आणि एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन म्हणजे एक मेगापास्कल, तेव्हा प्रतिबल ६२.४ मेगापास्कल. तार पोलादाची असेल तर ती जवळपास ०.६२ मिलिमीटर लांबेल. ०.६२ भागिले २००० म्हणजे ०.०००३१, ही विकृती. ६२.४ ला ०.०००३१ ने भागा. उत्तर दोन लाख मेगापास्कलच्या आसपास येतं, म्हणजेच २०० गिगापास्कल.

यात अवघड असं काहीच नाही. दहा मिनिटांत शिकवून होतं. पण या गणितातले पहिले दोन भागाकार, एक क्षेत्रफळाने आणि एक लांबीने, एकत्र बसवून एका ओळीत मांडायला युरोपातल्या अत्यंत हुशार माणसांना जवळजवळ दीडशे वर्षं लागली. का लागली?

कारण आपल्या हातात कधीच नुसतं 'पोलाद' येत नाही. हातात येते पोलादाची तार, सळई, सुई, सुरी. त्याच पोलादाची तार दुप्पट लांब घेतली तर तेवढ्याच वजनाने ती दुप्पट लांबते. दुप्पट व्यासाची घेतली तर फक्त चौथा हिस्सा लांबते. प्रत्येक वस्तूचं वागणं वेगळं. या सगळ्या वागण्यातून वस्तूची लांबी-जाडी वजा करून फक्त पदार्थाचा स्वभाव उरवायचा, हे त्या दोन भागाकारांचं काम आहे. लांबीने भागलं की लांबी गेली, क्षेत्रफळाने भागलं की जाडी गेली. उरलं ते पोलाद.

या दोघांपैकी क्षेत्रफळ आधी सापडलं. १६३८ साली गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक हॉलंडमध्ये लेडनला छापलं गेलं, कारण इटलीत तो नजरकैदेत होता आणि तिथे छापायची सोय राहिली नव्हती. त्यात दोरांची चर्चा आहे. लांब दोर आखूड दोरापेक्षा लवकर तुटतो का? गॅलिलिओ म्हणतो, नाही. दोराचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर तुटण्याचा संबंध जाडीशी आहे, लांबीशी नाही. बरोबर आहे. पण त्याचं सगळं लक्ष तुटण्याकडे होतं. तुटण्याआधी दोर किती लांबतो, हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. त्याच्या गणितातली तुळई मोडेपर्यंत जराही वाकत नाही.

लांबण्याकडे बघितलं रॉबर्ट हूकने. हा लंडनच्या रॉयल सोसायटीचा प्रयोग करून दाखवणारा माणूस. हातात कसब होतं, डोक्यात कल्पनांचा कारखाना होता आणि आपली कल्पना कोणीतरी चोरेल ही धास्ती कायमची होती. १६७५ मध्ये हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्सने स्प्रिंगवर चालणारं घड्याळ जाहीर केलं, तेव्हा हूक भडकला. ही कल्पना आपली आहे, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी एका पुस्तकाच्या शेवटी त्याने चौदा लॅटिन अक्षरं नुसती वर्णानुक्रमे छापली. त्या काळी हा पेटंटचाच एक प्रकार होता: शोध जाहीर करायचा नाही, पण आपण तो आधी लावला याचा पुरावा मात्र छापून ठेवायचा. १६७८ मध्ये त्याने कोडं उलगडलं. अक्षरं नीट लावली की चार शब्द होतात आणि त्यांचा अर्थ साधारण असा: जेवढं ताणणं, तेवढं बळ. वजन दुप्पट केलं की लांबणं दुप्पट, तिप्पट केलं की तिप्पट.

हूकने हे चार वस्तूंवर दाखवलं: गुंडाळीची स्प्रिंग, घड्याळाची चपटी स्प्रिंग, लाकडाची पट्टी आणि लांब तार. तारेबद्दल त्याची सूचना अशी की ती वीस, तीस, चाळीस फूट लांब घ्यावी, वर खिळ्याला अडकवावी आणि खाली तागडी लटकवून एकेक वजन टाकत जावं. एवढी लांब का? आपली वरची २ मीटरची तार ५ किलोने ०.६२ मिलिमीटर लांबते. हे साध्या डोळ्याला कळणं कठीण. तीच तार चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर घेतली तर वाढ ३.८ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि साध्या फूटपट्टीवर दिसते. म्हणजे लांबी वाढवली की वाढही त्याच प्रमाणात वाढते, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. पण त्याच्या नियमात ते आलं नाही. हूकच्या नियमातला स्थिरांक त्या एका तारेचा, त्या एका स्प्रिंगचा आहे. तार बदलली की नवा आकडा.

लांबीचा हिशेब मांडला जेकब बर्नुलीने, १७०५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी. त्याचं म्हणणं असं: एकाच पदार्थाचे, एकाच जाडीचे धागे सारख्याच बळाने ओढले तर त्यांची वाढ त्यांच्या लांबीच्या प्रमाणात होते. हेच तर विकृतीचं बी. गंमत अशी की बर्नुलीला हूकचा नियम मात्र पटलेला नव्हता. दुप्पट बळाला दुप्पट वाढ हे सगळीकडे लागू होत नाही, असं तो म्हणत होता. म्हणजे एकाकडे प्रमाणाचा नियम, दुसऱ्याकडे लांबीचा, तिसऱ्याकडे क्षेत्रफळाचा. तिघांची पुस्तकं एकाच कपाटात असू शकली असती, तरी जोडणी झाली नाही.

पुढचं नाव लिओनार्ड ऑयलरचं. १७४४ मध्ये त्याने वाकलेल्या पातळ पट्टीचं गणित मांडलं. खांब किती वजनाला वाकून कोसळतो याचं सूत्र आजही त्याच्याच नावाने शिकवतात. पण पट्टीचा कडकपणा त्याने एकाच आकड्यात कोंबला होता. पदार्थाचा स्वभाव आणि पट्टीचा आकार दोन्ही त्यातच. आकाराचा वाटा सांगताना पट्टीच्या जाडीचा वर्ग घ्यावा, असं तो म्हणाला. खरं तर घन घ्यायला हवा: जाडी दुप्पट केली की पट्टी वाकवायला आठपट जोर लागतो. ऑयलरसारखा गणिती इथे चुकतो, तेव्हा समजावं की पदार्थ आणि आकार वेगळे करणं दिसतं तितकं सरळ नव्हतं.

आता एक असं नाव, जे तुमच्या पाठ्यपुस्तकात बहुतेक नसेल. व्हेनिसच्या प्रदेशात राहणारा जोर्दानो रिकाती. गणित, वास्तुकला आणि संगीत या तिन्हीत रमणारा हा माणूस. त्याने तार ओढलीच नाही. त्याने आवाज ऐकला. धातूची कांडी वाजवली तर तिचा सूर कशावर ठरतो? लांबी, जाडी, वजन आणि कडकपणा यांवर. पहिल्या तीन गोष्टी मोजता येतात आणि सूर कानाला कळतो, तेव्हा उरलेला कडकपणा गणिताने काढता येतो. १७८२ साली त्याने पोलाद आणि पितळ यांची अशी तुलना छापली. उत्तर आलं, पोलाद पितळेच्या सुमारे दुप्पट कडक. आजच्या यंत्रांवर मोजा, पोलाद २०० आणि पितळ १०० गिगापास्कलच्या आसपास. तेव्हाचं उत्तर आजही उभं आहे.

हे यंगच्या पंचवीस वर्षं आधी.

आता आला यंग. थॉमस यंग, जन्म १७७३, पेशाने डॉक्टर. प्रकाश लाटांसारखा वागतो हे दाखवणारा, डोळा जवळचं-लांबचं कसं बघतो याचा शोध घेणारा, रोझेटा शिळेवरची इजिप्शियन लिपी वाचण्यात महत्त्वाची पावलं टाकणारा. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला. व्याख्यानं इतकी दाट असायची की ऐकणाऱ्यांना झेपायची नाहीत. १८०३ मध्ये त्याने ते काम सोडलं आणि व्याख्यानं १८०७ मध्ये दोन जाड खंडांत छापली. त्यात स्थितिस्थापकतेच्या गुणांकाची व्याख्या आहे.

ती व्याख्या वाचून आजचा विद्यार्थी गोंधळेल, कारण त्यात प्रतिबल नाही आणि विकृतीही नाही. त्यात एक खांब आहे. यंगचा विचार साधारण असा. ज्या पदार्थाचा गुणांक हवा, त्याच पदार्थाचा एक उंच खांब मनात उभा करा. त्याच्या स्वतःच्या वजनाने पायावर दाब येईल. आता त्याच पदार्थाचा एखादा तुकडा घ्या, तो थोडा दाबा आणि बघा की किती वजनाने तो आपल्या लांबीचा कितवा हिस्सा आखडला. खांबाचं वजन आणि हे वजन यांचं गुणोत्तर जर तुकड्याची लांबी आणि त्याचं आखडणं यांच्या गुणोत्तराएवढं असेल, तर तो खांब म्हणजे त्या पदार्थाचा गुणांक.

पुन्हा एकदा वाचावं लागलं ना? त्या काळच्या लोकांनाही लागलं असणार. पण गणित करून बघा, मजा आहे. पोलादाचा असा खांब किती उंच होईल? २०० गिगापास्कलला पोलादाच्या घनतेने आणि गुरुत्वत्वरणाने भागायचं. उत्तर येतं सुमारे २,६०० किलोमीटर. न्यूयॉर्कपासून डेन्व्हरपर्यंतचं हवाई अंतर साधारण एवढंच आहे. ते अंतर उभं करा, म्हणजे यंगचा पोलादी खांब.

यंगने इथे एक मोठी गोष्ट साधली. खांब जाड घ्या की बारीक, उंची तीच राहते, कारण खांब जाड केला की वजन वाढतं पण पायाही तेवढाच वाढतो. म्हणजे हा आकडा वस्तूचा राहिला नाही, पदार्थाचा झाला. पण वस्तू गेली आणि तिच्या जागी पृथ्वी आली. गुणांक खांबाच्या वजनावर टेकलेला असल्यामुळे त्यात पदार्थाची घनता शिरली आणि गुरुत्वाकर्षणही शिरलं. तोच खांब चंद्रावर उभा केला तर सहापट उंच लागेल, आणि पोलाद तर तेच आहे.

तरी ही व्याख्या टाकाऊ नाही. अ‍ॅल्युमिनियमचा खांब काढा. अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा पोलादाच्या एक-तृतीयांश, घनताही जवळपास एक-तृतीयांश. उंची पुन्हा २,६०० किलोमीटरच्या आसपास! टायटॅनियमचाही त्याच्या जवळच जातो. वजनाच्या मानाने कडकपणा किती, हा प्रश्न विमान आखणाऱ्यांना रोज पडतो आणि त्याचं उत्तर यंगच्या त्या विचित्र खांबात दडलेलं आहे. यंगने उत्तर चुकीचं दिलं नव्हतं. आज आपण जो प्रश्न विचारतो त्यापेक्षा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर फ्रान्समध्ये तयार झालं. पॅरिसच्या पूल-रस्त्यांच्या इंजिनिअरिंग शाळेत क्लोद-लुई नाव्हिए शिकवत असे. १८२६ मध्ये त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं. त्यात कडकपणाचा आकडा सरळ आहे: एकक क्षेत्रफळावरचं बळ भागिले एकक लांबीमागची वाढ. खांब नाही, पृथ्वी नाही, स्प्रिंग नाही. गॅलिलिओचं क्षेत्रफळ, हूकचं प्रमाण आणि बर्नुलीची लांबी अखेर एका ओळीत आली. १६७८ पासून १८२६, म्हणजे १४८ वर्षं. त्याच्या थोडंच आधी, १८२२ मध्ये, त्याचाच देशबंधू कोशी याने पदार्थाच्या आतल्या प्रत्येक बिंदूपाशी प्रतिबल कसं मांडायचं हे दाखवलं होतं, म्हणजे पायाही तयार होता.

म्हणजे तुमच्या लॅबच्या वहीत जे सूत्र असतं ते नाव्हिएचं. नाव आहे यंगचं. प्रयोगाने बरोबर तुलना आधी केली रिकातीने.

शब्दही उशिराच आले. इंग्रजीत स्ट्रेस आणि स्ट्रेन हे बोलीत एकमेकांच्या जागी सहज वापरले जात. त्यांना दोन वेगळे, नेमके अर्थ दिले ते ग्लासगोच्या विल्यम रँकिनने, १८५० च्या दशकात. आपल्याकडेही तीच गत आहे. दोरीला ताण, नात्यात ताण, परीक्षेचा ताण आणि कपडा ताणून वाळत घालणं, सगळीकडे ताणच. ओढणारी गोष्ट आणि ओढल्याने झालेला बदल, दोन्हींना एकच शब्द. शास्त्रात म्हणून प्रतिबल आणि विकृती असे दोन शब्द वेगळे ठेवावे लागले. ऐकायला जड वाटतात, पण सोपी खूण लक्षात ठेवा: प्रतिबल पदार्थाला सोसावं लागतं, विकृती पदार्थात दिसते.

आता एक सावधगिरी, कारण इथे अनेक जण घसरतात. हा गुणांक पदार्थ किती कडक आहे ते सांगतो. तो किती मजबूत आहे ते सांगत नाही. साधं बांधकामाचं पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. खास प्रक्रिया केलेलं पोलाद त्याच्या कितीतरी पट सोसतं. पण दोघांचा यंगचा गुणांक जवळपास एकच, २०० गिगापास्कल. कडकपणा येतो अणू-अणूंमधल्या बंधांतून आणि तापवून-विझवून ते बंध फारसे बदलत नाहीत. मजबुती ठरते आतल्या दोषांवर, भेगांवर, कणांच्या मांडणीवर. 'तुटेपर्यंत ताणू नये' असं आपण म्हणतो खरं, पण कुठे तुटेल हे गुणांकाला विचारून कळत नाही. ते तोडूनच बघावं लागतं.

तोडून बघणाऱ्या एका माणसाची इमारत लंडनमध्ये आजही उभी आहे. तिथे राहत असाल तर टेट मॉडर्नपासून चालत काही मिनिटांवर साउथवर्क स्ट्रीटला ९९ नंबर शोधा. डेव्हिड कर्कल्डी नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने स्वतःच्या खिशातून एक अवाढव्य यंत्र बनवून घेतलं, ओढणारं, दाबणारं, वाकवणारं, पिळणारं, आणि १८७४ पासून ते या इमारतीत चालवलं. लोकांनी सळया, साखळ्या, पुलांचे भाग आणून द्यायचे, त्याने ते तोडायचे आणि आकडे लिहून द्यायचे. दारावर त्याने कोरून घेतलं होतं की इथे वस्तुस्थिती मिळते, मतं नाहीत.

मतांची किंमत काय होती ते १८७९ मध्ये कळलं. २८ डिसेंबरच्या रात्री वादळात स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पुलाचा मधला भाग आगगाडीसकट नदीत कोसळला. गाडीतलं कोणीही वाचलं नाही. त्या पुलाचे तुकडे तपासायला कर्कल्डीकडे आले. खांबांना आडव्या-तिरप्या पट्ट्या जिथे जोडल्या होत्या, ते कान ओतीव लोखंडाचे होते. तुमच्या आजीकडे बिडाचा तवा असेल तर तेच बीड. तवा हातातून पडला तर वाकत नाही, सरळ तडकतो. यंत्रावर ओढल्यावर हे कान अपेक्षेपेक्षा फारच कमी भाराला तुटले. कागदावर बिडाचा गुणांक कितीही नीट लिहिलेला असता तरी हे त्यातून कळलं नसतं.

आणि आकडा बरोबर असूनही काय होऊ शकतं, याचं उदाहरण खुद्द नाव्हिए. ज्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं त्याच सुमारास पॅरिसमध्ये सेन नदीवर त्याचा झुलता पूल पुरा होत आला होता. त्या पुलासाठी वापरलेल्या लोखंडाचा गुणांक त्याने स्वतः काढला होता. मग काठाजवळ पाण्याचा नळ फुटला, जमीन भिजली, साखळ्या रोवलेले पाये हलले. दुरुस्ती शक्य होती, पण शहराने पूल उतरवूनच टाकला. लोखंडाने दगा दिला नव्हता. लोखंडाचा आकडा फक्त लोखंडाबद्दल बोलतो, खालच्या मातीबद्दल नाही.

आता चला त्या मेलकडे.

त्याची तार वर घेतलेल्या उदाहरणासारखीच होती: २ मीटर, १ मिलिमीटर. तक्त्यात पहिल्या किलोला वाढ ०.२५ मिलिमीटर. त्यानंतर प्रत्येक किलोला ०.१२५. पाच किलोला एकूण ०.७५. त्याने शेवटची ओळ उचलली, ५ किलो आणि ०.७५ मिलिमीटर, ती सूत्रात घातली. ६२.४ भागिले ०.०००३७५. उत्तर १६६.४, आणि त्याने जवळचा पूर्ण आकडा न घेता मधलं गणित थोडं गोल करत १६७ लिहिलं. आकडेमोडीत चूक नाहीच.

पण पहिल्या किलोकडे बघा. तो दुप्पट का? कारण वेटोळ्यातून काढलेली तार सरळ नसते. पहिलं वजन तिच्यातले बाक सरळ करतं, वरच्या पकडीतली ढिलाई काढतं. ते ०.१२५ मिलिमीटर पोलादाचं लांबणं नव्हतंच. ती त्या तारेची आणि त्या पकडीची गोष्ट होती. वस्तूचा स्वभाव पुन्हा पदार्थाच्या आकड्यात शिरला होता.

उपाय हूकने सांगून ठेवला आहे: एकेक वजन टाका आणि वाढ कशी बदलते ते बघा. एकच ओळ न घेता आलेख काढा, सुरुवातीचा वाकडा भाग सोडा आणि सरळ रेषेचा चढ घ्या. एक किलोला ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे प्रतिबलात १२.५ मेगापास्कलची वाढ आणि विकृतीत ०.००००६२५ ची. भागा. उत्तर २०० गिगापास्कल. त्याच्या तक्त्यात बरोबर उत्तर पहिल्यापासून लिहिलेलं होतं.

तुम्हीही हा प्रयोग करणार असाल तर आणखी दोन जागा सांभाळा. पहिली, व्यास. क्षेत्रफळात त्याचा वर्ग येतो, म्हणून १ मिलिमीटरला ०.०२ ने चुकलात तर उत्तर ४ टक्क्यांनी चुकतं. स्क्रूगेजने तार चार-पाच ठिकाणी, आडवी-उभी दोन्ही दिशांनी मोजा आणि सरासरी घ्या. दुसरी, तापमान. खोली एक अंश तापली की २ मीटरची पोलादी तार वजन न टाकताच ०.०२४ मिलिमीटर लांबते, तेही जवळपास ४ टक्के. म्हणून चांगल्या लॅबमध्ये शेजारी तशीच दुसरी तार लटकवतात आणि दोघींमधला फरक मोजतात. खोली तापली, छत किंचित दबलं, तरी दोन्ही तारांना सारखंच होतं आणि वजाबाकीत निघून जातं. आधी वजनं थोडी टाकून तार ताठ करायची आणि मगच शून्य धरायचं, हेही विसरू नका.

आम्ही त्याला हे सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं की आलेख काढला, १९८ आले, पण वही आधीच जमा केली होती, मार्क काही परत मिळणार नाहीत. शिवाय आता त्याला नवा राग आहे की सूत्राला रिकातीचं किंवा नाव्हिएचं नाव का नाही. राग रास्त आहे. नाव बदलणं आपल्या हातात नाही. पण पुढच्या वेळी तार लटकवाल आणि पहिल्या वजनाला काटा जरा जास्तच सरकलेला दिसेल, तेव्हा तो आकडा खोडू नका आणि गिळूही नका. वहीत लिहा, आणि शेजारी लिहा की हे पोलाद नाही, ही तार आहे.